कशावरून?

आमच्या गावच्या रात्रीच्या वर्गात एक आजीबाई येतात. वय साठीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक अक्षरही ओळखता येत नव्हते. आता त्या एसटीची पाटी वाचतात. रेशनच्या पावतीवरचे आकडे वाचतात. एके दिवशी त्या नातवाचा मोबाईल घेऊन वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आज एवढं सगळं मी एकटीनं वाचलं. कुणालाच इचारलं न्हाई."

आम्हाला मोठा आनंद झाला. मग आम्ही तो मजकूर वाचला. त्यात लिहिले होते की, गरम नारळपाणी प्याले की अंगातला कॅन्सर मरतो. खाली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांचे नाव होते. हा निरोप पुढे सगळ्यांना पाठवा, असेही होते.

आजीबाईंच्या सुनेची बहीण तेव्हा आजारी होती. तिच्या अंगावरून सारखे जात होते. उपकेंद्रातल्या सिस्टरने तिला बार्शीला दाखवायला सांगितले होते. आजीबाई म्हणाल्या, "आता बार्शीला कशाला न्यायचं? भाड्याला पैसं कुठं हायती? नारळ आणून पाजू."

आम्ही त्यांना विचारले, "आजी, नारळपाण्याने कॅन्सर मरतो, हे कशावरून?"

"कशावरून म्हंजे? लिहिलंय की हितं!"

आजीबाईंचे तरी काय चुकले? सातबाऱ्यावर नाव लिहिलेले असले तर रान आपले, नाही तर नाही. सावकाराच्या वहीत लिहिले ते देणे. लिहिलेले ते खरे, हेच त्या जन्मभर पाहत आल्या. पण तो निरोप खोटा होता. 2019 साली टाटा हॉस्पिटलने जाहीर केले की, आमच्या डॉक्टरांनी असे काही सांगितलेले नाही. तरी तो निरोप अजून गावोगाव फिरतो आहे. खोट्याला भाडे लागत नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही अडाणी माणसे. डॉक्टरकीतले खरे काय आणि खोटे काय, हे आम्हाला कसे कळावे? वाचकहो, तेच आज सांगावयाचे आहे. ते समजून घ्यायला मुंबईला किंवा अमेरिकेला जायला नको. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, आपल्याच आयाबहिणींनी या 'कशावरून' चे एक उत्तर साऱ्या जगाला मिळवून दिले आहे. पण आधी आमच्या घरची गोष्ट ऐका.

आमच्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणत असू. 1994 साली ती गेली. तिची पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली होती. मग एकाएकी पुन्हा अंगावरून जाऊ लागले. ती लाजेने कुणाला बोलली नाही. एका शेजारणीला कळले. ती म्हणाली, "उष्णता पडली असंल. धन्या-जिऱ्याचं पाणी पी." आठवड्याच्या बाजारात एक माणूस पुड्या विकत बसे. तो म्हणाला, "अशा शंभर बाया बऱ्या केल्यात मी."

आम्ही तेव्हा शाळेत मास्तर होतो. मुलांना गणित शिकवत होतो. पण त्या माणसाला आम्हीही विचारले नाही की, बाबा, तू पुड्या दिल्यास किती बायांना? शंभर बऱ्या झाल्या म्हणतोस, तर बऱ्या न झालेल्या किती? वाचकहो, ज्याला गुण येतो तो गावभर सांगत फिरतो. ज्याला येत नाही तो सांगायला उरत नाही. म्हणून बाजारात नेहमी गुण आल्याच्याच गोष्टी ऐकू येतात.

आठ महिने पुड्या झाल्या. मग घाण वास येऊ लागला. कंबर दुखू लागली. शेवटी पायांवर सूज आली आणि लघवी होईना. तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू झाला होता. तो वाढत वाढत बाजूला पसरला. मूत्रपिंडाकडून लघवी ज्या दोन बारीक नळ्यांतून खाली येते, त्या नळ्या त्याने दाबून धरल्या. पाटाचे दार बंद झाल्यावर पाणी मागे तुंबते, तसे झाले. मूत्रपिंडे बंद पडली. आक्का कॅन्सरने गेली असे आपण म्हणतो. पण खरे तर कॅन्सरने जो दुसरा घोटाळा केला, त्याने ती गेली. या आजारात पुष्कळ बाया अशाच जातात.

आम्ही डॉक्टरांना विचारले, "लवकर आणली असती तर?" ते काही बोलले नाहीत.

बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटल आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. पण परंडा, भूम, कळंब या भागातल्या लोकांना ती जवळच. हॉस्पिटलला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. 1957 सालच्या 'मदर इंडिया' सिनेमात खांद्यावर नांगर घेतलेली बाई तुम्ही पाहिली असेल, त्याच या. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. स्वादुपिंड हा जठराच्या मागे दडलेला अवयव आहे. अन्न पचवणारा रस तो तयार करतो. तिथे गाठ आली तर बहुधा पुष्कळ दिवस कळतच नाही. भूक मंदावते, पोट दुखते, वजन उतरते. माणूस म्हणतो, पित्त झाले, अपचन झाले. नर्गिसबाईंवर अमेरिकेत न्यूयॉर्कला उपचार झाले. पैसा होता, मोठे डॉक्टर होते. तरी 3 मे 1981 रोजी त्या गेल्या.

आता आक्काच्या आजाराकडे पाहा. त्याची तऱ्हा अगदी उलटी. गर्भाशयाचे तोंड दडलेले नाही. शिकलेली सिस्टर ते डोळ्यांनी पाहू शकते. आणि हा कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी तिथल्या कातडीत बदल होतात. ते बदल कॅन्सर होण्यापूर्वी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तसेच असतात. एवढ्या वेळात कुणी पाहिले, तर दवाखान्यात थोड्या वेळात ते काढून टाकता येतात. पोट फाडावे लागत नाही. नर्गिसबाईंना वेळच मिळाला नाही. आक्काला मिळाला होता, पण तो कुणाच्या कामी आला नाही.

हा आजार होतो कशाने? एका विषाणूने. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रोगाचा कण. याचे नाव एचपीव्ही. त्याचा या कॅन्सरशी असलेला संबंध जर्मनीचे डॉक्टर हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवला. त्यासाठी त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. नवरा-बायकोच्या संबंधातून हा विषाणू येतो. पण म्हणून कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. तो फार बायांना आणि पुरुषांना कधी ना कधी होतो, आणि बहुतेकांच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या बायांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो. त्यांना धोका. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने हा कॅन्सर होत नाही. कॅन्सर झालेल्या बाईची भांडी वेगळी ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या बाईला आजारापेक्षा ते जास्त लागते.

बार्शीच्या हॉस्पिटलातून 1987 साली एक काम सुरू झाले. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या खेड्यांत कॅन्सरचा प्रत्येक रोगी शोधून त्याची नोंद करावयाची. खेड्यापाड्यांतले कॅन्सरचे असे नोंदणी-खाते देशात पहिलेच. शहरात रोगी दवाखान्यात येतो आणि त्याचे नाव आपोआप कागदावर चढते. खेड्यात तसे नाही. इथे माणूस घरीच झिजतो, घरीच मरतो. मग नोंद कोण करणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंचाला विचारले, मास्तरांना विचारले, मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. विचारता विचारता ते लोकांना सांगतही होते की, पाळी गेल्यावर रक्त जाणे चांगले नाही, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे चांगले नाही, संबंधानंतर रक्त जाणे चांगले नाही, तोंडातला न भरणारा चट्टा दाखवावा.

यातून एक नवल घडले. काही वर्षांनी नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की बाया आता पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्या आहेत. आजार थोडा असतानाच येत आहेत. म्हणून जास्त बाया वाचत आहेत. नवे औषध आले नव्हते. गावात फक्त खरी माहिती पोचली होती. आमचे आक्काचे गाव त्या तालुक्यांत नव्हते.

मग 1999 साल आले. आपला जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. मुंबईचे टाटा हॉस्पिटल, बार्शीचे हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियों शहरातली कॅन्सर-संशोधनाची जागतिक संस्था यांनी मिळून इथे एक मोठी परीक्षा घ्यायचे ठरवले. परीक्षा बायांची नव्हे, तपासण्यांची. गर्भाशयाचे तोंड तपासायच्या तीन रीती होत्या. एका रीतीत तिथले पाणी पुसून घेऊन काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिला पॅप तपासणी म्हणतात. दुसऱ्या रीतीत तिथे व्हिनेगरसारखे आंबट पाणी लावतात. बिघडलेली जागा पांढरी पडते आणि सिस्टरला तिथल्या तिथे दिसते. तिसऱ्या रीतीत पुसून घेतलेल्या पाण्यात तो विषाणू आहे की नाही, हे यंत्रावर पाहतात. तिन्हींचे चाहते होते. प्रत्येक जण म्हणे, माझी रीत चांगली. प्रश्न तोच की, कशावरून?

हे कसे ठरवावे? शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. ज्वारीचे दोन वाण आहेत. एक काळ्या रानात पेरले आणि दुसरे माळावर पेरले. काळ्या रानातले जोमाने आले. म्हणून ते वाण चांगले, असे तुम्ही म्हणाल काय? नाही म्हणणार. ते रानाचे बळ, वाणाचे नव्हे. दोन्ही वाण सारख्या रानात, एका पावसात, शेजारी शेजारी पेरावी लागतील. आणि एका सरीवरून नाही ठरवायचे; एक-दोन एकर तरी पेरावे लागेल.

इथेही तसेच केले. जिल्ह्यातल्या सुमारे पाचशे गावांचे 52 गट पाडले. कोणत्या गटाला कोणती तपासणी द्यावयाची, हे कुणाच्या मर्जीवर ठेवले नाही. चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. तेरा गटांना पॅप. तेरा गटांना आंबट पाणी. तेरा गटांना विषाणूची तपासणी. उरलेल्या तेरा गटांना यातले काहीच नाही; जी सोय पूर्वीपासून होती तीच, आणि तपासणी हवी असेल तर कुठे जावे याची माहिती. चिठ्ठी का? तर डांबरी रस्त्यालगतच्या, शिकलेल्या गावांना एक तपासणी आणि आडबाजूच्या वाड्यांना दुसरी, असे होऊ नये म्हणून. काळे रान आणि माळ सगळ्यांच्या वाट्याला सारखे यावे.

30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 बाया या कामात होत्या. आम्ही मुलांना दहा लाखांपर्यंत अंक शिकवले, पण सव्वा लाखावर बाया म्हणजे किती, हे आम्हाला तुळजापूरच्या नवरात्रातली गर्दी डोळ्यांपुढे आणल्यावर कळले. आणि त्यांनी यावे कसे? सुगीचे दिवस, घरात लेकरे, सासूचा डोळा. शिवाय तपासणीही अशी की बाई मोकळेपणी बोलू शकत नाही. त्या वेळी आम्हीच म्हणालो होतो, "दुखत नाही खुपत नाही, मग तपासायचे कशाला?" आक्का जाऊन पाचच वर्षे झाली होती. तरी म्हणालो. तरीसुद्धा ज्यांना तपासणी द्यावयाची होती, त्या शंभर बायांतल्या ऐंशीच्या आसपास बाया आल्या. ज्यांच्यात काही सापडले त्यांच्यावर उपचार झाले.

पुढे आठ वर्षे नोंद ठेवली. कोण आजारी पडली, कोण गेली, कशाने गेली. 2009 साली निकाल अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. आता पाटी-पेन्सिल घ्या. हिशेब अवघड नाही.

ज्या गावांत कसलीही तपासणी दिली नाही, तिथे 31,488 बाया होत्या. त्यांतल्या 64 बाया या कॅन्सरने गेल्या. म्हणजे हजारी दोन. ज्या गावांत विषाणूची तपासणी दिली, तिथे 34,126 बाया होत्या. त्यांतल्या 34 गेल्या. म्हणजे हजारी एक. आयुष्यात एकदाच तपासणी केली, आणि मरण निम्म्यावर आले.

आणखी एक आकडा पाहा. तपासणी नसलेल्या गावांत 118 बायांना कॅन्सर निघाला. विषाणूच्या तपासणीच्या गावांत 127 बायांना. इथे एखादा म्हणेल, बघा, तपासणीने कॅन्सर वाढला! असे म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. पण शोधले की सापडणारच. खरे पाहायचे ते पुढे. त्या 118 पैकी 82 बायांचा आजार पुढे गेलेला होता. 127 पैकी पुढे गेलेला फक्त 39 बायांचा. बाकीच्यांचा कोवळा असतानाच हाती लागला. आणि ज्यांच्या अंगात विषाणू नाही असे निघाले, त्यांतली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही.

बाकीच्या दोन रीतींचे काय? पॅपच्या गावांत 54 बाया गेल्या, आंबट पाण्याच्या गावांत 56. हजारी दीडाच्या थोडे वर. तपासणी नसलेल्या गावांपेक्षा कमी. पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. नाणे दहा वेळा उडवले आणि सहा वेळा छापा पडला, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. म्हणून संशोधकांनी सांगितले की, या दोन रीतींनी मरण घटले असे खात्रीने म्हणता येत नाही. आम्हाला ही गोष्ट सर्वांत आवडली. दहा वर्षे राबून, एवढा पैसा ओतून, जे खात्रीने कळले तेवढेच ते कळले म्हणाले. पुड्यावाला असता तर तिन्ही रीती आपल्याच म्हणून विकल्या असत्या.

पण म्हणून आंबट पाण्याची तपासणी फुकट आहे, असे समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांच्या अभ्यासात टाटा हॉस्पिटलने तीच रीत वेगळ्या तऱ्हेने केली. एकदा करून सोडली नाही, दर दोन वर्षांनी केली. तिथे मरण शंभरात 31 ने घटले. स्वस्त तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, महाग तपासणी एकदा केली तरी पुष्कळ काम करते. आज सरकारी उपकेंद्रांत तीस वर्षांवरच्या बायांसाठी जी तपासणी ठरलेली आहे, ती ही आंबट पाण्याचीच. तेव्हा एकदा करून घेतली, आता सुटलो, असे म्हणू नये. विषाणूची तपासणी अजून सगळीकडे पोचलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र 2021 साली तीच पहिल्या पसंतीची म्हणून सांगितली. त्यांच्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्याचा पुरावा आहे.

विषाणू निघाला म्हणजे कॅन्सर झाला, असेही नव्हे. आपल्याकडे शंभरातल्या दहा बायांत विषाणू सापडला. त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. त्यांना फक्त जास्त नीट पाहावे लागले. कागदावर आलेला शब्द वाचून घरात रडारड करण्याआधी सिस्टरला विचारावे की, याचा अर्थ काय.

आता एक अवघड गोष्ट. त्या 64 बाया. आम्ही हा आकडा जेव्हा वाचतो, तेव्हा थांबतो. त्या चौथ्या गटात पडल्या, यात त्यांचा दोष काय? जगातल्या काही डॉक्टरांनी हाच प्रश्न जोराने विचारला. ते म्हणाले, श्रीमंत देशांत पॅप तपासणीने हा कॅन्सर कमी झाला हे माहीत होते. मग खेड्यातल्या बायांना तपासणीविना का ठेवले? संशोधकांचे म्हणणे असे की, इथे तशी तपासणी होतच नव्हती. खेड्यात काय चालते हे कळायला तुलना लागते. दोघांचेही म्हणणे आम्ही वाचले. आमचे मत विचाराल तर, माळ राखल्याशिवाय वाण कळत नाही हे शेतकरी म्हणून पटते. भाऊ म्हणून पटत नाही. एवढे मात्र खरे की, हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. ते कुणाच्या तरी आयांनी भरलेल्या किमतीचे आहे.

लसीची गोष्टही थोडक्यात सांगतो. 2009 साली देशात ठिकठिकाणी 10 ते 18 वर्षांच्या मुलींना या विषाणूची लस देण्याचे संशोधन सुरू झाले. बार्शी त्यांतले एक ठिकाण. कुणाला तीन डोस, कुणाला दोन, असे ठरले होते. 2010 साली दुसऱ्याच एका कामात मुलींच्या मृत्यूवरून देशभर गदारोळ उठला आणि सरकारने लस देणे थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. काम फसले, असे वाटले. पण कार्यकर्त्यांनी त्या मुलींची नोंद सोडली नाही. दहा वर्षांनी दिसले की, एका डोसानेही विषाणूपासून चांगले संरक्षण मिळते! 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरतो असे मान्य केले. पुण्याच्या सीरम कंपनीची अशी लस 2023 पासून बाजारात आहे. लस मुलगी लहान असताना द्यायची. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते.

खोटी माहिती फक्त बाजारातून आणि मोबाईलमधूनच येते असे समजू नये. ती कधी कधी पांढऱ्या कोटातूनही येते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली. कोवळ्या वयात त्यांच्या पिशव्या काढल्या होत्या. सरकारने समिती नेमली. 82 हजारांवर बायांची विचारपूस झाली; त्यांतल्या 13 हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पुष्कळ बायांनी सांगितले की, पांढरे पाणी जाते म्हणून गेलो, तर 'पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली. आपल्या जिल्ह्यातूनही कोयत्याच्या टोळ्या जातात. बायांनो, नुसते पांढरे पाणी जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर होईल असे कुणी म्हटले तर विचारा, कशावरून? तपासणी कोणती केली? तुकडा काढून तपासला काय? कागद द्या. तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. यात डॉक्टरचा अपमान नाही. चांगला डॉक्टर रागवत नाही.

उपचारानंतरचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तिथेही अफवा आहेत. या कॅन्सरवर किरणांचा उपचार करतात. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात. गर्भाशयाच्या मागेच मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग असतो. शेकाचा थोडा ताप त्यालाही लागतो. त्यामुळे जुलाब होतात. कधी कधी काही महिन्यांनी, वर्षांनीही शौचातून रक्त पडते. घरचे म्हणतात, कॅन्सर परत आला, आता कशाला न्यायचे? किंवा म्हणतात, शेकानेच वाट लावली. आणि बाई घरी बसते. असे करू नये. पुष्कळदा तो शेकाचा परिणाम असतो आणि त्यावर उपाय असतो. पण तो शेकाचा की आजाराचा, हे नळीने आत पाहिल्यावाचून डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग शेजारणीला कसे सांगता येईल? पुरुषांनाही हे लागू आहे. शौचातून रक्त पडले की मूळव्याध, घास अडकला की पित्त, असे आपण घरीच ठरवून टाकतो. बहुतेक वेळा ते तसेच असते. पण दोन-तीन आठवड्यांत बरे वाटले नाही, वजन उतरू लागले, तर ठरवण्याचे काम आपल्याकडे ठेवू नये.

आजीबाईंच्या वर्गाकडे परत येतो. त्या रात्री आम्ही फळ्यावर 64 आणि 34 हे दोन आकडे लिहिले आणि वर सांगितले तेवढे सगळे सांगितले. बाया गप्प बसून ऐकत होत्या. एकीने विचारले, "गुरुजी, त्या बायांत आपल्या गावच्या किती?" आम्हाला उत्तर देता आले नाही. नोंदीत नावे छापत नाहीत.

आजीबाईंनी मोबाईल पुन्हा उघडला. तो निरोप सावकाश, बोट ठेवून, पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "ह्यात किती बायांना पाजलं ते लिहिलंच न्हाई."

चार दिवसांनी सुनेची बहीण बार्शीला गेली. सोबत आजीबाई गेल्या, कारण कागद वाचायला घरात त्या वेळी दुसरे कुणी मोकळे नव्हते. तुकडा तपासायला दिला. निकाल यायला आठ दिवस लागले. कॅन्सर होता, पण आजार अजून पहिल्या पायरीवर होता. आता तिचा शेक चालू आहे. दर सोमवारी आजीबाई वर्गाला येत नाहीत. मंगळवारी येतात आणि हॉस्पिटलच्या कार्डावर पुढची तारीख कोणती लिहिली आहे, ती आम्हाला वाचून दाखवतात.